वायर दिलीपच्या हातात होती

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. या सदरात येणारे अनुभव मी नियमित वाचतो — रिकाम्या खोलीतली पावलं, रस्त्यात दिसलेली आणि पुन्हा न दिसलेली बाई — आणि खरं सांगतो, वाचून हसतोही. मी छत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. करणी, उतारा, बाहेरचं असल्या गोष्टींवर वर्गात इतका बोललो आहे की माझे जुने विद्यार्थी अजून त्यावरून माझी नक्कल करतात. तेव्हा माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, हे वेगळं सांगायला नको. आजही नाही. पण जे झालं ते माझ्या घरात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि ते लपवताना मी एका माणसाला गावातून उठवलं. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त खरी आहे... पण एक सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येत नाही.

गाव सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. बाजारचौकातून तलावाकडे एक गल्ली जाते, तिच्यात अठरा घरं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, आणि गल्लीत सगळ्यात उंच स्लॅब आमचीच. हे पुढे कामाचं आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. घरात मी आणि माझी पत्नी कुसुम, दोघंच. एकुलती मुलगी वर्षा लग्नानंतर जर्मनीत. तिची जेवणाची सुट्टी झाली की आपल्याकडे चार वाजलेले असतात. रोज चार वाजता कुसुम टॅबलेट उशीला टेकवून मधल्या खोलीत बसायची आणि वर्षाचा व्हिडिओ कॉल यायचा. कुसुमचे गुडघे गेले होते. देवळात जाणं बंद, बाजार बंद. तिचा दिवस त्या अर्ध्या तासासाठी उगवायचा असं म्हटलं तरी चालेल.

त्या वेळी आमच्याकडे एका मोठ्या कंपनीचं इंटरनेट होतं. चाललं की चांगलं चाले, पण बंद पडलं की पंधरा दिवस पडलेलंच. फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग कुणीतरी गोड आवाजाची मुलगी हिंदीत पिनकोड विचारायची आणि तक्रार नोंदवली म्हणून सांगायची. तक्रारींचे नंबर मी कॅलेंडरवर लिहून ठेवत असे. कॅलेंडर भरलं, नेट आलं नाही.

गल्लीतच गोपाळरावांचं किराणा दुकान आहे. एकदा मी तिथे हीच रडगाणी गात होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, माझ्याकडून घेऊन पाहा ना."

तो दिलीप. माझाच जुना विद्यार्थी. आधी वडिलांबरोबर केबल टीव्हीचा धंदा करायचा. केबल मेली तेव्हा त्यानं साकोलीहून लाईन घेतली, फायबर जोडायचं यंत्र घेतलं आणि गावापुरतं स्वतःचं छोटं इंटरनेट सुरू केलं. ऑफिस म्हणजे पानठेल्याच्या बाजूची एक खोली. कर्मचारी म्हणजे तो स्वतः आणि एक शिडी.

"चालते का बा तुझं?" मी विचारलं.

"सर, कंपनीवाल्याले फोन लावला तं तो दिल्लीतून बोलते. मले लावला तं मी पानठेल्यावरून बोलतो. शिव्या द्याले तरी माणूस समोर पाहिजे का नाही?"

गोपाळराव हसले. म्हणाले, "शिव्या द्याले भेटते तं मीही घेतो कनेक्शन."

मी आधी घेतलं. मग गल्लीतल्या घराघरात जाऊन मीच सांगितलं की दिलीपकडून घ्या, आपला पोरगा आहे, रात्री-बेरात्री धावून येईल. मास्तरचा शब्द म्हणून लोकांनी ऐकलं. महिन्याभरात गल्लीतली अठराही घरं त्याच्याकडे आली. चौकातल्या खांबावरून त्यानं एक काळी वायर आमच्या स्लॅबवर आणली. स्लॅबच्या मागच्या भिंतीवर एक डबा बसवला आणि त्या डब्यातून बारीक वायरी सगळ्या घरांना दिल्या. आमच्या घरालाही त्यातूनच. म्हणजे गल्लीतलं सगळं नेट आधी माझ्या डोक्यावरून जायचं आणि मग इतरांकडे. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

आमच्या खोलीतल्या राऊटरवर धूळ बसते म्हणून कुसुमनं त्याला लोकरीची विणलेली खोळ घातली. दिलीप ते पाहून म्हणाला, "काकू, याले थंडी वाजते का जी?"

"तू चूप राह्य," कुसुम म्हणाली. "माही पोरगी येते त्याच्यातून."

वर्षभर काही तक्रार नाही. कधी बंद पडलंच तर दिलीप शिडी खांद्यावर घेऊन तासाभरात हजर.

दिवाळी संपून धानाची कापणी सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. दोन दिवस अवकाळी पाऊस येऊन गेला होता. एका सकाळी गोपाळरावांची सून संगीता दारात आली. म्हणाली, "सर, तुमचं नेट चालू आहे का? आमचं बंद आहे." दुपारपर्यंत कळलं की सगळ्या गल्लीचं बंद आहे. मी कुसुमला विचारलं. ती म्हणाली, चार वाजता कळेल. चार वाजले. वर्षाचा कॉल आला. मीही मागे उभा राहून दोन शब्द बोललो. वर्षानं वेणी पुढे घेतली होती, निळा स्वेटर होता. मला म्हणाली, "बाबा, वालाले शेंगा लागल्या का?"

मी म्हटलं, अजून फुलंच आहेत.

त्या पावसाळ्यात मी मागच्या अंगणात वाल लावला होता. वेल स्लॅबवर चढवून तिथे बांबूचा मांडव केला होता. निवृत्त माणसाचे उद्योग. फुलांनी वेल जांभळा झाला होता. पाऊस पडून गेला की रोज वर जायचो, लोंबणारे फाटे उचलून बांधायचो.

दुसऱ्या दिवशीही तेच. गल्ली बंद, आमचा कॉल चालू. वर्षानं पुन्हा विचारलं, "वालाले शेंगा लागल्या का, बाबा?" मला वाटलं, परदेशात राहिलं की माणसाला वांगं-वालाची भाजी आठवते.

दिलीप तोपर्यंत चौकापासून खांब तपासत फिरत होता. बिघाड नेमका किती अंतरावर आहे ते दाखवणारं महागडं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. ते नागपूरहून भाड्यानं आणावं लागे आणि त्या आठवड्यात मिळत नव्हतं. त्याच्याकडे होता फक्त एक पिवळा मीटर, हातात मावेल एवढा. वायर त्यात खोचली की तिच्यातून उजेड किती येतो ते आकड्यात दिसायचं. उजेड नसला की नुसतं 'लो' यायचं.

तिसऱ्या दिवशी चार वाजून गेल्यावर तो आमच्याकडे आला. कुसुम मधल्या खोलीत वर्षाशी बोलत होती. दार लोटलेलं होतं, पण आवाज स्वच्छ येत होता. वर्षा काहीतरी सांगून हसत होती.

"सर, तुमचं चालू आहे म्हणते सारी गल्ली," दिलीप म्हणाला. "असं होऊच नाही शकत जी. डबा एकच आहे. पाहू का जरा?"

मी म्हटलं पाहा. त्यानं राऊटरवरची खोळ उचलली.

"लाल आहे," तो म्हणाला.

राऊटरवरचा तो दिवा खरंच लाल होता. खोळीखाली मी तीन दिवसांत पाहिला नव्हता. दिलीपनं मागून वायर उपसली, टोक पुसलं आणि मीटरमध्ये खोचलं. मीटर माझ्यापुढे धरला. लो.

आत वर्षा बोलत होती. "आई, डॉक्टरांकडे गेली होती का नाही ते खरं सांग," असं काहीतरी. कुसुम म्हणाली, "जाईन ना बाई, कापणी होऊ दे, ऑटोवाला भेटत नाही." वर्षा पुन्हा हसली.

दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. मग लोटलेल्या दाराकडे. मग हळूच, जसा वर्गात प्रश्न विचारायचा तसा, म्हणाला, "सर... वायर माझ्या हातात आहे."

या वाक्याला काय उत्तर द्यायचं असतं? मी विज्ञानाचा मास्तर. मी म्हटलं, "नळ बंद केला तरी पाईपात पाणी राहते ना थोडं. तसं असेल." हे बोलतानाच मला कळत होतं की मी मूर्खासारखं बोलतो आहे. प्रकाश पाईपात राहत नाही. हे मीच त्याला नववीत शिकवलं होतं.

त्यानं मीटर खिशात घातला. वायर परत खोचली. आतला आवाज जसा होता तसाच चालू राहिला, ना तुटला, ना अडकला.

"सर, वर जाऊन डब्याकडची वायर पाहून येऊ का?"

आणि इथे मी ते बोललो. "वर कायले जातोस? माझं चालू आहे ना. वेल फुलावर आहे, तुडवशील उगाच. दुसरीकडे पाह्य."

खरं कारण वेल नव्हता. मला भीती वाटली होती आणि ती त्याच्यासमोर दिसू द्यायची नव्हती. तो लवकर जावा, एवढंच मला हवं होतं.

तो गेला. जाताना मधल्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबला. आत डोकावला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गोपाळरावांच्या ओट्यावर गल्ली जमली. कापणीवरून आलेली माणसं, पायांना चिखल, चिडलेली. कुणाच्या पोराचा फॉर्म भरायचा राहिला होता, कुणाची क्रिकेटची मॅच. दिलीप उभा होता. म्हणाला, चौकापर्यंत उजेड बरोबर आहे, बिघाड चौक आणि सरांचं घर यांच्या मध्ये कुठंतरी आहे, दोन दिवस द्या.

"सरांच्या घरापर्यंत येतच नाही म्हणते हा," गोपाळराव म्हणाले. "सर, तुमचं चालू आहे का बंद?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हटलं, "चालू आहे. रोज चार वाजता आम्ही वर्षाशी बोलतो. आजही बोललो."

"मंग? मीटर खोटा का सर खोटे?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, नवीन प्लॅन गळ्यात मारायला मुद्दाम बंद ठेवून राहिला असेल, मास्तरचं तेवढं चालू ठेवलं. दुसरा म्हणाला, गुरुदक्षिणा! पुन्हा हसले. दिलीपनं तोंड उघडलं असतं तर तो एवढंच सांगू शकला असता की वायर हातात असताना आत कॉल चालू होता. ते कोण मानणार? त्याला ते कळत होतं. आणि मी तिथेच उभा होतो. मी म्हटलं असतं, "हो, मी पाहिलं, मीटरवर उजेड नव्हता," तर निदान त्याचा मीटर खरा ठरला असता. मी गप्प राहिलो.

दिलीप म्हणाला, "सर खोटं नाही बोलत." एवढंच. आणि शिडी उचलून निघून गेला.

पाचव्या दिवशीही कॉल आला. वर्षानं वालाचं विचारलंच.

सहाव्या दिवशी, चार वाजता, मी मुद्दाम कुसुमच्या शेजारी बसलो. दिलीप येऊन गेल्यापासून मी त्या पडद्याकडे पाहायचं टाळलं होतं. आज नीट पाहिलं. वर्षाच होती. कपाळावरचा लहानपणीचा व्रण, वेणी, निळा स्वेटर. सहाही दिवस तोच स्वेटर होता का? मला आठवत नाही. कुसुम म्हणते नव्हता. वर्षा म्हणाली, "बाबा, एकदा वर जाऊन पाहा ना. लागल्या असतील शेंगा."

आवाजात काही वेगळं नव्हतं. मुलगी बापाला सांगते तसं सांगितलं. मी उठलो आणि जिना चढलो.

शेंगा लागल्या होत्या. कोवळ्या, बोटाएवढ्या. मी मांडवाखाली वाकलो आणि मला ती काळी वायर दिसली. कठड्यावरून डब्याकडे जाणारी, गल्लीतल्या अठरा घरांची वायर. पावसानं वेलाचा मोठा फाटा खाली आला होता तेव्हा मी तो उचलून, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून, त्या वायरीलाच सुतळीनं बांधला होता. तेवढ्यापुरता. मग विसरलो. भिजल्यावर सुतळी आखडते. तिनं वायर अशी आवळली होती की ती काटकोनात मोडल्यासारखी वाकली होती. फायबरला इतका बाक दिला की उजेड पुढे जात नाही, बाहेर निघून जातो. पूर्ण आंतरिक परावर्तन होतच नाही. इयत्ता दहावी. हा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल.

खाली मधल्या खोलीतून कुसुमचा आवाज येत होता. ती अजून बोलतच होती.

मी खिशातला विळ्यासारखा छोटा चाकू काढला आणि सुतळी कापली. वायर हळूहळू सरळ झाली. अर्ध्या मिनिटानं गल्लीतून एका पोराची आरोळी आली — "आलं! आलं!" — मग दुसऱ्या घरातून. गोपाळरावांच्या दुकानातला टीव्ही जोरात सुरू झाला. मी सुतळीचे तुकडे गोळा करून खिशात घातले. का घातले, हे तुम्हाला सांगायला नको.

खाली आलो तेव्हा कुसुम टॅबलेट मांडीवर ठेवून बसली होती. "कटला जी," ती म्हणाली. "बोलता बोलता कटला." तेवढ्यात कॉल वाजला. तिनं उचलला.

वर्षा होती. केस मानेपर्यंत कापलेले.

"हुश्श! लागला एकदाचा," ती म्हणाली. "आई, सहा दिवस झाले! संगीतानं मेसेज केला होता की गल्लीतलंच बंद आहे म्हणून, नाहीतर मी घाबरलेच असते. बाबांचा फोनही दोनदा लागला नाही. कशी आहेस? आणि केस बघ ना, शनिवारी कापले. कसे दिसतात?"

शनिवार म्हणजे चार दिवस आधी.

कुसुमनं टॅबलेट डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "चांगले दिसतात." मी मागून विचारलं, "वर्षा, तू वालाचं काहून विचारत होतीस?" ती म्हणाली, "कोणते वाल? वाल लावले तुम्ही? मला सांगितलंच नाही."

आम्ही तिला कधीच सांगितलं नव्हतं. नंतर मी टॅबलेटमधली कॉलची यादी उघडून पाहिली. त्या सहा दिवसांत एकही कॉल नव्हता. टॅबलेटमध्ये सिमकार्ड नव्हतं. शेजाऱ्यांचं वायफाय पकडलं म्हणावं तर ते सगळेच बंद होते. पुढे कंपनीच्या एका तंत्रज्ञाला सहज म्हणून विचारलं की बाक पडलेल्या वायरीतून थोडा उजेड जाऊ शकतो का. तो म्हणाला, जाऊ शकतो, पण मग मीटर दाखवेल. आणि वायर बाहेर काढली असेल तर? तो हसला. म्हणाला, सर, मग तर देवालाही कॉल करता येणार नाही.

कुसुमला मी एकदाच विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोटची पोरगी मी ओळखत नाही का जी?" एवढ्यावर विषय संपला. ती कोणत्या पोरीबद्दल बोलत होती, त्या सहा दिवसांतल्या की नंतरच्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता दुसरी गोष्ट.

त्याच संध्याकाळी दिलीप आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. "सर, लाईन आली," तो म्हणाला. "मी काहीच नाही केलं. मी तं साकोलीले होतो. कशी आली काही समजून नाही राहिलं. तुम्ही वर काही केलं का?"

माझ्या खिशात सुतळी होती. माझा हात त्याच खिशात होता.

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तो म्हणाला. पाया पडला आणि गेला.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. गल्ली म्हणाली, पाहा, ओरडा केला तर आपोआप आलं, म्हणजे मुद्दामच बंद ठेवलं होतं. मास्तरांचं सहाही दिवस चालू होतं, ते तर स्वतः सांगतात. ही गोष्ट बाजारातून दुसऱ्या गल्ल्यांत गेली. महिन्याभरात घरं परत कंपनीकडे जाऊ लागली. मी गेलो नाही, शेवटपर्यंत दिलीपकडेच राहिलो, आणि या गोष्टीचं मला बरं वाटत असे. जणू त्यानं फिटलं. पुढच्या पावसाळ्याआधी त्यानं खोलीला कुलूप लावलं, वायरी गुंडाळून विकल्या आणि बायकोमुलांना घेऊन वरठीला गेला, तिथल्या कारखान्यात कामाला. आमच्या स्लॅबवरचा डबा त्यानं काढून नेला नाही. अजून आहे.

मी स्वतःला सांगत होतो की मी काय सांगणार? सुतळीचं सांगितलं तर लोक विचारतील, मग तुमचं कसं चालू होतं? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भूतबाधेवर भाषणं देणारा मास्तर ओट्यावर उभा राहून म्हणणार की माझी मुलगी नसताना माझी मुलगी माझ्याशी बोलत होती? असं मी स्वतःला समजावलं. पण सुतळीचं सांगायला त्या कॉलचं सांगायची गरज नव्हती. सुतळी सुतळी होती. ती मी बांधली होती.

गेल्या वर्षी कुसुम गेली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "दिलीपले एकदा भेटून या." का, ते सांगितलं नाही. तिला किती माहीत होतं ते मला ठाऊक नाही. धुवायच्या सदऱ्याच्या खिशात सुतळीचे तुकडे तिलाच सापडले असतील.

तेरवी झाल्यावर मी वरठीला गेलो. स्टेशनच्या मागच्या वस्तीत त्याची भाड्याची खोली शोधली. पाळी सुटून तो सायकलवर आला. केस पांढरे झाले होते. मला पाहून सायकल तशीच भिंतीला टेकवली आणि पाया पडला. "काकूंचं समजलं जी. येता नाही आलं." त्याच्या बायकोनं चहा दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. बसमध्ये दहा वेळा म्हणून पाहिलं होतं.

मी सुरुवात करणार तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, एक गोष्ट विचारू का? रागावू नका."

"विचार."

"त्या दिवशी काकू आत कोणाशी बोलून राहिल्या होत्या?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"मी कोणाले सांगितलं नाही," तो म्हणाला. "बायकोलेही नाही. पण झोपताना अजून आठवते जी. वायर माझ्या हातात होती आणि आत ती हसून राहिली होती. मले वाटते का मलेच काही झालं होतं. मीटर खराब होता का, का माझं डोकं... धंदा गेला त्याचं नाही काही. पण तेव्हापासून माझाच माझ्यावर भरोसा नाही राहिला. इथं मशीनवर काम करतो तं आकडा तीनदा पाहतो."

मी म्हटलं, "मलेही माहीत नाही, दिलीप." हे खरं होतं. आणि त्यानंतर एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता — कुणीतरी दुसऱ्यानंही ते ऐकलं होतं, एवढ्यानंच — की मला वाटलं, आज एवढं पुरे, पुढच्या खेपेला सांगू. असं वाटलं, असं मी लिहितो. खरं म्हणजे मी घाबरलो. बस सुटेल म्हणून उठलो. तो मला सायकल हातात धरून स्टँडपर्यंत सोडायला आला.

या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. खोलीला दुसऱ्याच माणसाचं कुलूप होतं. घरमालक म्हणाला, दोन महिने झाले, कुठंतरी बाहेर कामाला गेला, सामान ट्रकनं नेलं, गाव काही सांगितलं नाही. जुना नंबर लागत नाही. त्याच नंबरवर मी मेसेज लिहून पाठवला. एक टिक आली. दुसरी अजून आलेली नाही. रोज चार वाजता मी उघडून पाहतो. का चारलाच, ते मलाही सांगता येत नाही. वर्षा आता सातला करते.

ते सहा दिवस काय होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मिळेल असंही वाटत नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. पण ज्याचं उत्तर माझ्याकडे होतं ते मी दिलं नाही. त्या मेसेजमध्ये काय लिहिलं आहे ते इथे उतरवतो, कदाचित कुणी त्याला वाचून दाखवेल:

"दिलीप, मी मास्तर. वायर माझ्याच स्लॅबवर आवळली होती, वेलाच्या सुतळीनं. ती सुतळी मी बांधली होती. मीच कापली. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हटलं. मला माफ कर. तुझा मीटर बरोबर होता."